धुळ्याच्या थंडीत हीटरचं बिल कमी कसं करावं?

दादा, तुम्ही लिहिलंय की जूनमध्ये पुण्याहून धुळ्याला बदली झाली, वरच्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला, ७२ वर्षांच्या आईंच्या खोलीत २००० वॅटचा हीटर रात्रभर चालतो आणि बिल पाहून धडकी भरली. मी लग्न होऊन इथे धुळ्यातल्या देवपुरात आले त्याला २१ वर्षं झाली. पहिले दोन हिवाळे आमच्याकडेही रात्रभर हीटरच असायचा, म्हणून सविस्तर लिहिते.

२००० वॅटचा हीटर तासाला २ युनिट खातो. रात्री ९ ते पहाटे ५ म्हणजे १६ युनिट, महिन्याला ४८०. थर्मोस्टॅट मधेमधे बंद होत असेल तर थोडे कमी धरा. शिवाय महावितरणचा दर १००, ३०० आणि ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढत जातो. घरातल्या बाकीच्या वापरावर हे ४८० चढले की वरचे युनिट महागड्या दरात जाऊन बसतात.

आता आपल्याकडच्या थंडीची खोड समजून घ्या. धुळ्याचा पारा पहाटे ५-६ अंशांवर उतरतो, पण त्याच दिवशी दुपारी पंचविशीच्या आसपास असतो. हवा कोरडी, आभाळ निरभ्र, वारा उत्तरेचा. दिवसा तापलेला स्लॅब रात्री सगळी ऊब उघड्या आभाळाला देऊन टाकतो आणि वरच्या मजल्यावरचं घर बर्फ होतं. म्हणजे ऊब आपल्याला रोज दुपारी फुकट मिळते. ती रात्रीपर्यंत घरात टिकत नाही, एवढंच आपलं दुखणं आहे.

आमच्याकडे हे माझ्या सासऱ्यांमुळे कळलं. हीटर चालू असूनही नानांचे पाय गार पडायचे. एका रात्री ते अंथरुणातून म्हणाले, "पोरी, वारा कथाईन यी ऱ्हायना ते देख पहिले." म्हणजे वारा कुठून येतोय ते आधी बघ. मी अगरबत्ती पेटवली आणि खोलीभर भिंतीच्या कडेकडेने फिरले. दाराशी धूर जरासा हलला. खिडकीत बसवलेल्या कुलरसमोर धरली, तर धूर आडवा होऊन सरळ खोलीत आला. उन्हाळा संपल्यावर कुलरचा मोटर-पंप काढून ठेवला होता, पण सांगाडा तसाच खिडकीत. पॅड वाळून त्यात बोटभर फटी पडलेल्या. तेवढ्या मोठ्या भोकातून रात्रभर गार वारा आत येत होता आणि आम्ही त्या वाऱ्याला तापवायला वीज जाळत होतो.

खानदेशात घरटी कुलर आहे, तुमच्या घरमालकांनीही बसवलेला असणार. आतल्या बाजूने प्लायवूड लावा, किंवा जाड पुठ्ठा लावून त्यावर ताडपत्री घट्ट बांधा. दाराखाली जुन्या लुगड्याची वळकटी सारा. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांच्या पट्टीत फोमची चिकटपट्टी बसवा. स्वयंपाकघराची जाळी मात्र बुजवू नका, तिथे गॅस आहे. रावेर-यावलकडचे केळीवाले थंडीत बागेच्या कडेला जाळी नाहीतर गवताचा आडोसा करतात, तेही आधी वाराच अडवतात.

गच्चीवर उन्हाळ्यात बांधलेली हिरवी जाळी अजून तशीच असेल तर दिवाळीनंतर ती सोडायला सांगा, म्हणजे दुपारचं ऊन स्लॅबला लागेल. गच्चीला पांढरा रंग असला तर त्याला हात लावू नका. आपला उन्हाळा हिवाळ्यापेक्षा फार लांब आणि फार कठीण. या दिवसांत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत आतपर्यंत येतं. १० वाजता ती खिडकी उघडा, पडदे बाजूला करा, आईंची गादी-रजई उन्हात टाका. साडेचार वाजले की सगळं बंद. सूर्य मावळल्यावर खिडक्या लावल्या तर दिवसभराची ऊब तोवर निघून गेलेली असते.

रजई जुनी असेल तर पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्या. कापूस दबून त्याचे गोळे झाले की त्यात हवा राहत नाही, आणि ऊब असते ती त्या हवेचीच. आमच्या नानांची रजई पिंजून आली तेव्हा दुप्पट फुगली होती, त्या रात्री त्यांनी हीटर मागितला नाही. गादीखालीही घोंगडी अंथरा आणि पलंग बाहेरच्या भिंतीपासून हातभर आत ओढा. इलेक्ट्रिक ब्लँकेट साधारण १०० वॅटचं असतं, म्हणजे ८ तासांत एक युनिटसुद्धा होत नाही. मात्र आईंना मधुमेहामुळे पायाला बधिरपणा असेल तर ते नको, चटका बसलेला कळत नाही.

एवढं झालं की हीटर आई झोपायच्या आधी तासभर आणि पहाटे उठताना तासभर लावा. १६ युनिटांचे ४ होतात. त्याहून कमी करण्याच्या नादात म्हाताऱ्या माणसाला कुडकुडू देऊ नका, तिथे काटकसर नको.

गिझरचा काटा ५० अंशांवर ठेवा आणि बादली भरली की बंद करा. आईंची आंघोळ दुपारी होऊ द्या, तेव्हा गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी आधीच कोमट असतं. स्वतःचं घर झालं की सोलर बंब जरूर बसवा, फक्त आपल्याकडच्या क्षारांमुळे तो वेळच्या वेळी साफ करावा लागतो.

एक हात जोडून सांगते. बिल वाचवायला कोणी कोळशाची शेगडी किंवा घमेल्यात पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) निखारे खोलीत ठेवायला सांगेल, तर ठेवू नका. बंद खोलीत त्यातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नाही, रंग नाही, आणि झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. बंद बाथरूममधला गॅस गिझरही तसाच घातक. हीटरही १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. साध्या एक्स्टेंशनवर आमचा प्लग वितळून भिंत काळी झाली होती.

आज संध्याकाळीच पंखा बंद करून अगरबत्ती घेऊन आईंच्या खोलीत फिरा, आणि कुलरच्या खिडकीपासून सुरुवात करा.