ओल्या कुंडीत माना टाकणारं फ्युशिया

ताई, डिसेंबरात उटीहून आणलेलं, आणि आता मार्चात दिवसातून दोन वेळा पाणी घालूनही दुपारी माना टाकणारं तुमचं गोव्याच्या फोंड्यातलं फ्युशियाचं फुलझाड... आमच्याकडे हेच झालं होतं. आधी पाणी थांबवा.

झाड तहानलेलं नाही, उष्म्याने बेजार आहे. याच्या बहुतेक जाती मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या थंड डोंगरांतल्या. पारा 30 अंशांवर गेला की माती ओली असूनही पानं लोंबतात, आपण घाबरून आणखी पाणी ओततो आणि मुळं कुजतात. आज संध्याकाळी पाणी न घालता उद्या पहाटे बघा. पानं ताठ असली तर नुसता उष्मा. तेव्हाही माना खालीच असतील, तर कुंडी उपडी करून एक मूळ चिमटीत धरून हलकेच ओढा. वरची साल मोज्यासारखी निसटून हातात आली आणि मागे बारीक तंतू उरला, तर ते मूळ गेलं. मग हिरवे शेंडे कापून नवीन कलमं लावा, जुन्या झाडामागे लागू नका.

मी तेव्हा पानं पिशवीत घालून एका सल्ला केंद्रात गेले होते. या टेबलावरून त्या टेबलावर पाठवून शेवटी साहेबांनी पिशवी न उघडताच बुरशीनाशक लिहून दिलं, वर "पाणी कमी पडू देऊ नका" म्हणाले! कुंडीतून पाणी निचरतं का, एवढं जरी विचारलं असतं तरी झाड वाचलं असतं. अजून राग येतो. पानाखाली नारिंगी भुकटी दिसली, म्हणजे तांबेरा आला, तर फवारणी ठीक. कुजलेल्या मुळांना पानावरचा फवारा काय करणार?

मी तज्ज्ञ नाही, आणि आत डोंगरांजवळच्या वाळपईकडच्या थंड रात्रींत अनुभव वेगळा येऊ शकेल. पण माझं स्पष्ट मत, किनाऱ्याजवळ मोठ्या दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, फुलांच्या जाती घेऊच नयेत. मे महिन्यात आपल्याकडे रात्रीही गारवा नसतो. त्यातून अनेक जातींना कळ्या धरायला मोठा दिवस लागतो, आणि आपला मोठा दिवस नेमका उन्हाळ्यात. घ्यायचंच तर 'गार्टनमाइस्टर बोनस्टेट' शोधा. गडद पानं, नळीसारखी लांब शेंदरी फुलं. उष्मा इतरांपेक्षा बराच सोसतं.

नुसती तांबडी माती घट्ट बसते. निम्मा तरी नारळाच्या सोडणांचा चुरा आणि शेणखत घाला. सकाळचं कोवळं ऊन पुरे. जूनच्या आधी कुंडी पागोळ्यांपासून आत घ्या, आणि खालची बशी आजच काढून टाका.