साठीतल्या माणसाला काम शोधून देताना
या कामाला नव्यानेच लागला आहात, म्हणून सांगते. साठीचा माणूस समोर बसला की लगेच फॉर्म पुढे सरकवू नका; आजवर काय काय केलंत, ते आधी विचारा. माझ्याकडे आलेले एक काका ‘कॉम्प्युटर येत नाही’ म्हणून अडून बसले होते. बोलता बोलता कळलं, गोदामाचा साठा 12 वर्षं तेच एक्सेलमध्ये ठेवत होते! अडत होतं फक्त नव्या पोर्टलपाशी. बायोडेटात शेवटची 10-15 वर्षं पुरतात. जन्मतारीख मागितल्याशिवाय नको. शिकवताना माउस त्यांच्याच हातात राहू द्या, स्क्रीनवरची अक्षरं मोठी करा, चाळिशीनंतर जवळचं धूसर दिसायला लागतंच. आणि ‘या वयात कशाला?’ हे चुकूनही तोंडातून जाऊ देऊ नका. घरी ते पुष्कळदा ऐकूनच आलेले असतात.