पत्रांचा ढीग आणि एक मेलेलं मांजर

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं: भयकादंबऱ्या लिहिणाऱ्या अमेरिकन स्टीफन किंगचं एकच पुस्तक वाचायचं असेल तर कुठलं, आणि एक हटकून टाळायचं असेल तर कुठलं? मी दीड ओळीत मोकळी झाले. वाचा ‘पेट सेमेटरी’, टाळा ‘द टॉमीनॉकर्स’. त्याच पानावर पुस्तकांना लागणाऱ्या कसरीवर मी अर्धा रकाना खर्च केला होता. कसरीबद्दल एकाही माणसाला काही म्हणायचं नाही. किंगवरून मात्र माझी पार खरडपट्टी निघाली आहे. तेव्हा हा महिना किंगचा. कसर पुढच्या महिन्यात. आधी तुमचं पत्र, त्याखाली माझं उत्तर.

ताई, ‘द शायनिंग’ सोडून तुम्ही ‘पेट सेमेटरी’ला पहिला नंबर देता? बर्फात अडकलेलं हॉटेल कुठे आणि मेलेलं मांजर कुठे! मी रात्रपाळीचा सुरक्षारक्षक आहे. रिकाम्या इमारतीत बसून ‘शायनिंग’ वाचलंय. भीती म्हणजे काय ते मला विचारा.

तुम्हालाच विचारायला हवं, खरं आहे. मी किंग फक्त दुपारी वाचते, तोही घरात कुणीतरी असताना.

पण मांजराला हसू नका. १९७० च्या दशकाच्या अखेरीस किंग अमेरिकेतल्या मेन राज्याच्या विद्यापीठात वर्षभर शिकवायला होता आणि ऑरिंग्टन नावाच्या गावात भाड्याच्या घरात राहत होता. घरासमोर हमरस्ता, त्यावर ट्रकांची ये-जा. त्या रस्त्यावर मेलेल्या पाळीव प्राण्यांसाठी पोरांनी मागच्या रानात दफनभूमी केली होती. किंगच्या मुलीचं मांजर तिथेच गेलं. पुढे एकदा त्याचं धाकटं पोर त्या रस्त्याच्या दिशेने धावत सुटलं आणि थोडक्यात बचावलं. कादंबरीतलं पोर बचावत नाही. लिहून झाल्यावर हे फारच भयंकर आहे म्हणून त्याने हस्तलिखित बाजूला सारलं होतं. जुन्या प्रकाशकाला एक पुस्तक देणं लागत होता, म्हणून ते १९८३ मध्ये बाहेर आलं.

आता तुमचा मुद्दा. मेलेलं परत येतं ही भीती नव्हेच. कादंबरीतला बाप, लुई क्रीड, डॉक्टर आहे, शहाणा माणूस आहे. जमिनीतून परत आलेलं मांजर त्याने पाहिलं आहे, त्याला येणारा वास घेतला आहे, ते पूर्वीचं मांजर राहिलेलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तरीही तो एका रात्री फावडं घेऊन मुलाच्या कबरीकडे निघतो. तो कुंपणावरून चढतो तेव्हा मी पुस्तकाच्या पानाला म्हणत होते, “नको रे बाबा,” आणि त्याच दमात मनात म्हणत होते, “लवकर, कुणी बघेल.” ही दुसरी ओळ माझ्या मनात आली कुठून, हे मला आजही उमगलेलं नाही. हॉटेल मला असं काही करायला लावत नाही.

आणि पतंगाचा प्रसंग आठवा. बाप आणि लहानगा गेज पतंग उडवताहेत, ऊन आहे, पोर खिदळतंय, आणि किंग जाता जाता सांगून टाकतो की या पोराचे आता दोन महिनेही उरलेले नाहीत. पोराचं हसणं त्याच वाक्यात चालू राहतं. रहस्य राखून ठेवण्याची हौस असलेला लेखक असं करणार नाही. इथून पुढे वाचक प्रत्येक ट्रकचा आवाज ऐकत बसतो.

‘शायनिंग’चा पूर्वार्ध, ती गांधीलमाशांची पोळी, तो तळघरातला बॉयलर, यांच्यासाठी मी तुमच्याबरोबर उभी आहे. पण हॉटेलच्या आवारातली ती झुडपं कापून केलेली जनावरं! पाठ वळली की पुढे सरकणारी. भर दुपारी मला त्यांचं हसू येतं. दिग्दर्शक कुब्रिकने १९८० च्या चित्रपटात ती काढून तिथे कुंपणांचा चक्रव्यूह आणला, ते बरंच केलं. किंगला तो चित्रपट आवडला नाही हे जगजाहीर आहे. त्याचं म्हणणं, माझा जॅक टॉरन्स, म्हणजे त्या हॉटेलचा राखणदार, हळूहळू घसरत जाणारा चांगला माणूस आहे, पडद्यावरचा पहिल्यापासूनच वेडसर दिसतो. इथे मी किंगच्या बाजूने. झुडपांच्या बाबतीत नाही.

‘टॉमीनॉकर्स’ला वाईट म्हणण्याआधी तुम्ही ते पूर्ण वाचलं होतं का? पहिल्या शंभर पानांतला तो दारुडा कवी गार्डनर किंगच्या उत्तम पात्रांपैकी एक आहे. रागाने लिहितोय, माफ करा.

राग योग्य आहे. पूर्ण वाचलं होतं, दोन खेपांत, मध्ये चार महिन्यांची विश्रांती घेऊन. गार्डनरबद्दल माघार घेते. पार्टीत अणुऊर्जेवरून त्याचं डोकं फिरतं आणि तो सगळ्यांसमोर स्वतःचा तमाशा करून घेतो, ती पानं अव्वल आहेत. रानात ठेच लागून जमिनीतून डोकावणारा धातूचा तुकडा सापडणं, ही सुरुवातही झकास. पण तो तुकडा निघतो परग्रहावरच्या यानाचा, आणि मग सगळे ते यान खणत बसतात. खणतात, खणतात, आणि गावातल्या प्रत्येकाचे दात पडेपर्यंत आपण बसून राहायचं.

खुद्द किंगनेच २०१४ च्या एका मुलाखतीत या पुस्तकाला भिकार म्हटलं आहे. सातशे पानांत कुठेतरी साडेतीनशे पानांची चांगली कादंबरी दडली असावी, असं त्याचं मत. आणि उरलेल्याचं खापर त्याने कोकेनच्या खोट्या उत्साहावर फोडलं.

बऱ्याच पत्रांनी हेच धरलं आहे: नशेत लिहिलं म्हणून वाईट. थांबा. मग ‘कुजो’चं काय कराल? १९८१ ची ही कादंबरी लिहिल्याचं आपल्याला जवळजवळ आठवतच नाही, इतकी तेव्हा पीत होतो, अशी कबुली त्याने ‘ऑन रायटिंग’ या लेखनावरच्या पुस्तकात दिली आहे. आणि ‘कुजो’ घट्ट आहे, कोरडी आहे, एक दाणा इकडचा तिकडे नाही. बंद पडलेली मोटार, आत आई आणि चार वर्षांचा मुलगा, बाहेर पिसाळलेला सेंट बर्नार्ड कुत्रा, वर ऊन. संपलं. नशा दोन्हीकडे होती. फरक जागेचा आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते मी मागच्या अंकात लिहायला हवं होतं. किंग कथानकाचा आराखडा आधी करत नाही. परिस्थिती उभी करतो, माणसं आत सोडतो आणि पुढे काय होतं ते बघत जातो. अशा माणसाला बाहेरून कुणीतरी भिंत घालून द्यावी लागते. ‘मिझरी’त एक खोली आहे, मोडलेल्या पायांचा एक लेखक आहे आणि त्याला कोंडून ठेवणारी ॲनी विल्क्स आहे. ‘जेराल्ड्स गेम’मध्ये तर एक बाई आणि पलंगाला अडकलेल्या बेड्या. दार बंद असलं की तो जगातला पहिल्या दर्जाचा लेखक असतो. दार उघडं राहिलं की यान येतं.

‘ड्रीमकॅचर’चं नावही काढलं नाहीत. इतकी दया का?

दयाच आहे. जून १९९९ मध्ये रस्त्याकडेने चालताना एका व्हॅनने त्याला उडवलं. पाय, कंबर, बरगड्या, सगळं मोडलं. बसताना वेदना व्हायच्या, म्हणून हे पुस्तक त्याने हाताने लिहिलं, वेदनाशामकांच्या अंमलाखाली. पुढे त्यालाही ते फारसं आवडेनासं झालं. संडासातला तो लांबलचक प्रसंग मी एकदा वाचला, पुन्हा वाचणार नाही. तुमचं मत बरोबर असेल. मला मात्र अंथरुणातून उठून वही ओढणारा माणूस दिसतो आणि शिक्का मारायला हात उचलत नाही. टॉमीनॉकर्सच्या वेळी तो धडधाकट होता.

तुमच्या ‘मोठं झालं की बिघडतं’ या मताची चाहूल मागच्या अंकातच लागली होती. मग ‘इट’? १,१३८ पानं, सत्तावीस वर्षांच्या अंतरावरचे दोन काळ, सात मुलं, अख्खं गाव. आणि ‘द स्टँड’? तुमचा सिद्धांत पाण्यात.

गळतोय, बुडालेला नाही.

‘स्टँड’बद्दल एक गंमत सांगते. १९७८ च्या आवृत्तीतून सुमारे ४०० पानं कापली गेली. ती संपादकाला खटकली म्हणून नव्हे, तर प्रकाशनसंस्थेच्या हिशेबखात्याला छपाई आणि किंमत यांचं गणित जमेना म्हणून. १९९० मध्ये किंगने बरीचशी पानं परत घातली. मी दोन्ही वाचल्या. हिशेबनिसांविषयी माझा आदर वाढला. लोक मला यावरून मारायला उठतील. साथ पसरते तो भाग कुठल्याही आवृत्तीत थरारक आहे. बोल्डर गावात साथीतून उरलेल्यांच्या समित्यांच्या बैठका सुरू झाल्या की मी चहा टाकायला उठते. तिथे किंगही अडकला होता. आठवडेच्या आठवडे पुढे सुचेना, तो नुसता फिरायला जायचा. शेवटी त्याने बैठकीच्या घरातल्या कपाटात बॉम्ब ठेवला आणि निम्म्या मंडळींचा निकाल लावला. त्याने स्वतःच सांगितलेली हकीकत आहे. माझ्या ‘भिंत हवी’ला याहून चांगला साक्षीदार नाही.

‘इट’पुढे मात्र मी हात टेकते. १९५८ च्या उन्हाळ्यातली ती मुलं, त्यांची सायकल, त्यांनी नाल्यावर घातलेला बांध, ग्रंथालय, अडखळत बोलणारा बिल. भीतीची कादंबरी म्हणून नव्हे, बालपणाची कादंबरी म्हणून ती मोठी आहे. मोठी माणसं डोळ्यांसमोरचं रक्तही बघत नाहीत, हे डेरी गावाचं वर्णन मला त्यातल्या भुताळी विदूषकापेक्षा जास्त घाबरवतं. शेवटी मात्र तो अक्राळविक्राळ कोळी येतो आणि मी मुकाट्याने पानं उलटते. गटारातला मुलांचा तो एक प्रसंग तर लिहायलाच नको होता. त्याच्या समर्थनार्थ तीन पत्रं आली आहेत. ती छापत नाही.

याला शेवट जमत नाही, असं सगळेच म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. ‘इट’च्या २०१९ च्या चित्रपटात किंग स्वतः दुकानदार म्हणून दिसतो आणि लेखक असलेल्या पात्राला तुझा शेवट आवडला नाही असं तोंडावर सांगतो. स्वतःची टिंगल करायला तयार असलेल्या माणसाशी भांडायचं कसं? पण ‘पेट सेमेटरी’चा शेवट बघा: दार, पाठीमागून येणारी पावलं, खांद्यावर हात, एक शब्द. लहान जागा. पुन्हा तेच.

लेखकाचं नाव बघूनच लोक वाहवा करतात, असं नाही वाटत?

वाटतं, आणि आकडाही आहे. वर्षाला एकापेक्षा जास्त पुस्तकं बाजाराला झेपणार नाहीत, अशी तेव्हाची प्रकाशनातली समजूत. म्हणून किंग रिचर्ड बाकमन या टोपणनावानेही लिहायचा. १९८५ मध्ये वॉशिंग्टनमधल्या एका पुस्तकदुकानातल्या नोकराने कॉपीराइटची कागदपत्रं उकरून बिंग फोडलं. तोवर बाकमनच्या ‘थिनर’च्या २८,००० प्रती खपल्या होत्या. नाव फुटल्यावर, किंगच्याच शब्दाप्रमाणे, २,८०,०००. पुस्तक तेच, कॉमाही हलला नव्हता.

माझी चौदा वर्षांची मुलगी किंग मागते आहे. काय देऊ?

‘द आइज ऑफ द ड्रॅगन’. भुताखेतांचं न वाचणाऱ्या स्वतःच्या मुलीसाठी त्याने ते लिहिलं होतं. बाकीची ती तुमच्या नकळत वाचेलच.

शाळेत असताना नारायण धारपांचं ‘लुचाई’ वाचून मी आठवडाभर खिडकी उघडली नव्हती. आता मुलगा सांगतो की ते मूळचं किंगचं. माझी फसवणूक झाली का?

‘लुचाई’च्या मागे किंगचं १९७५ चं ‘सेलम्स लॉट’ आहे, मुलगा बरोबर आहे. आणि ‘सेलम्स लॉट’च्या मागे ‘ड्रॅक्युला’ आहे. तो आजच्या अमेरिकेत आला तर काय, एवढ्याच प्रश्नातून किंगने ते लिहिलं. खिडकी तर तुमचीच होती ना? मग तुम्हाला वाटलेली भीतीही अस्सलच म्हणायची.

ताई, तुम्ही स्वतः भाषांतरं करता. इतकं आवडतं तर ‘पेट सेमेटरी’चं का नाही केलंत?

हौसेखातर सुरू केलं होतं, पहिल्या पाटीवरच अडले. इंग्रजी शीर्षकातल्या ‘सेमेटरी’चं, म्हणजे दफनभूमीचं, स्पेलिंग चुकीचं आहे, हे बऱ्याच जणांच्या ध्यानात येत नाही. मुलांनी दफनभूमीच्या पाटीवर आपल्या कुवतीप्रमाणे स्पेलिंग रंगवलं आहे, आणि त्या एका चुकीत सगळं पुस्तक आहे: मरण म्हणजे काय ते कळत नसलेल्या पोरांनी पुरलेली मांजरं. मी मराठीत ‘समशान’ लिहिलं. दोन दिवसांनी ‘स्मशाण’ केलं, मग पुन्हा ‘समशान’. नमुन्याचं एक प्रकरण टाइप करून मागवलं तर टाइप करणाऱ्याने सगळीकडे व्यवस्थित ‘स्मशान’ करून पाठवलं, वर चिठ्ठी: तुमच्या सतरा चुका दुरुस्त केल्या आहेत.

या पानासोबत मुद्रितशोधकांना मी आधीच कळवलं आहे. वरच्या परिच्छेदात ‘समशान’ दोनदा यायला हवं. तुमच्या हातातल्या अंकात काय छापलंय, ते कळवा.