1964 च्या फुटबॉल आशिया चषकात भारत फायनल हरला होता का? आणि ते उपविजेतेपद खरंच किती मोठं?

फायनल झालीच नव्हती. "इस्रायलकडून अंतिम सामन्यात 2-0 ने हरलो" असं जे फिरतं ते चूक आहे. इस्रायलमधली ती स्पर्धा साखळी पद्धतीची होती: चार संघ, प्रत्येकाचे तीन सामने, विजयाला 2 गुण, आणि गुणतक्त्यात पहिला येईल तो विजेता.

27 मे रोजी भारताने दक्षिण कोरियाला 2-0 ने हरवलं. अप्पलाराजूने सुरुवातीलाच गोल केला, उत्तरार्धात इंदर सिंगने. माझ्या मते खरा दणका हाच, कारण 1956 आणि 1960 चे दोन्ही चषक कोरियाचे होते. 29 मे रोजी इस्रायलविरुद्ध भारत 2-0 ने हरला: पूर्वार्धात इस्रायलच्या स्पीगलरची पेनल्टी बसली, मग उत्तरार्धात त्यांचा आणखी एक गोल. 2 जूनला हाँगकाँगवर 3-1: इंदर सिंग, समाजपती आणि कर्णधार चुनी गोस्वामी.

आता तक्ता बघा. भारताचे सामने संपले तेव्हा भारत आणि इस्रायल दोघांचे 4 गुण होते, पण इस्रायलचा कोरियाशी एक सामना बाकी होता. 3 जूनला तो कोरियाने जिंकला असता तर तिघांचेही 4 गुण झाले असते! इस्रायल 2-1 ने जिंकला आणि 6 गुणांवर गेला.

किती मोठं, तर थोडं हात राखूनच बोलावं. बऱ्याच देशांनी माघार घेतली होती, भारताच्या पात्रता गटातल्या बाकी सगळ्यांनी. त्यामुळे भारत एकही पात्रता सामना न खेळता तिथे पोहोचला. पण मग 1962 च्या जकार्तातल्या आशियाई खेळांतल्या भारताच्या सुवर्णालाही हाच निकष लावा, तिथे इस्रायल आणि तैवानला येऊच दिलं नव्हतं. संघ मात्र कच्चा नव्हता. जकार्तात सुवर्ण जिंकणाऱ्या संघाचे प्रशिक्षक रहीमसाहेब जून 1963 मध्ये वारले, त्यामुळे इस्रायलला संघ हॅरी राइट यांच्या हाताखाली गेला. इंदर सिंग 2 गोलांसह स्पीगलरच्या बरोबरीने स्पर्धेत सर्वाधिक गोल करणारा ठरला.

यानंतर भारत थेट 1984 मध्ये पात्र ठरला आणि चार सामन्यांत एकही गोल करू शकला नाही. हाँगकाँगविरुद्धच्या तीन गोलांनंतर आशिया चषकातला भारताचा पुढचा गोल 2011 चा, बहरीनविरुद्ध गौरमांगी सिंगचा.