कोकणातल्या जुन्या घराला हात लावण्याआधी

तुमच्या आजोबांचं कोकणातलं घर तुम्ही पाडत नाही आहात, दुरुस्त करताय, याचा फार आनंद झाला. पण घाई नको. आधी एक पावसाळा तिथे राहा. कुठे गळतं, ओल कुठून चढते, ते कळेल. जांभ्याच्या (कोकणातल्या तांबड्या दगडाच्या) चिऱ्यावर, म्हणजे घडीव ठोकळ्यावर, सिमेंटचा गिलावा अजिबात करू नका. चिरा सच्छिद्र असतो, ओल आत कोंडते आणि गिलावा फुगून सुटतो. चुन्याचा गिलावा द्या, नाहीतर सांधे चुन्याने भरून चिरा उघडाच ठेवा. मला तर उघडा चिराच आवडतो. मंगलोरी कौलं उतरवताना शाबूत असलेली जपून रचा, कौलांखालचे वाळवी लागलेले वासे-रिपा तेवढे बदला. पडवी बंद करून खोली काढायचा मोह होईल. कृपा करून नको, भिंतीवर येणारा पाऊस तीच अडवते. जमिनीला लाल कोबा (घोटून केलेला एकसंध थर) करा.