आधी ओल, मग गारवा

प्रिय,

मुंबईतल्या कलासंग्रहालयाची नवी विंग हातात घेतली आहेस, तर एसीचं टनेज (गारवा देण्याची क्षमता) काढण्याआधी हवेतल्या पाण्याचा हिशेब मांड.

पावसाळ्यात बाहेर 30 अंश आणि 85 टक्के आर्द्रता धरली, तर किलोभर हवेत सुमारे 23 ग्रॅम वाफ असते. दालनात 24 अंशाला 50 टक्के हवे असतील, तर ती साधारण 9 ग्रॅमवर आणावी लागते. म्हणजे ताशी 1000 घनमीटर ताजी हवा घेतली की तासाला जवळपास 15 लिटर पाणी काढायचं. हा भार दालनाच्या एएचयूवर (दालनातली हवा गार करून फिरवणाऱ्या यंत्रावर) टाकू नकोस, ताज्या हवेला वेगळं टीएफए युनिट (फक्त बाहेरची हवा गार-कोरडी करणारं यंत्र) दे. नाहीतर दालन गार झालं की थर्मोस्टॅट गार पाण्याचा व्हॉल्व्ह मिटवतो, कॉइल (हवा गार करणारी नळ्यांची जाळी) तापते आणि तिच्यावरचं पाणी परत हवेत जातं. काटा 24 वर स्थिर दिसतो, पण चित्रामागची लाकडी चौकट फुगायला लागलेली असते.

24 अंश, 50 टक्के म्हणजे दवबिंदू (वाफेचं पाणी होऊ लागतं ते तापमान) 13 अंशांच्या आसपास. प्रेक्षकांचा श्वास-घाम धरून कॉइलमधली हवा 10-11 अंशांना निघायला हवी, म्हणून कॉइलमध्ये फिरणारं पाणी 6-7 अंशांचं. ती हवा तशीच सोडली तर दालन गारठेल, म्हणून रिहीट, म्हणजे हवा पुन्हा थोडी तापवणं, लागतंच. चिलर (हे पाणी गार करणारं यंत्र) बाहेर फेकतो तीच उष्णता त्यासाठी वापर. वीज वाचवायला रात्री कॉइलचं गार पाणी (चिल्ड वॉटर) 12 अंशांवर न्या, असं कुणीतरी सुचवेलच. ऑफिसात ते चालतं, इथे अजिबात नाही. बचत हवी असेल तर मर्यादा सैल करण्याबद्दल आधी संवर्धकांशी बोल. बिझो गटाची (मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या आंतरराष्ट्रीय गटाची) मार्गदर्शक चौकट बऱ्याचशा वस्तूंसाठी 16 ते 25 अंश, 40 ते 60 टक्के आणि 24 तासांत ±10 टक्क्यांपर्यंत चढउतार मान्य करते.

जुनी इमारत नव्याला भिडते तो सांधा स्वतः उभं राहून बघ. थंड देशांतल्या ड्रॉइंगमध्ये बाष्परोधक थर भिंतीच्या आतल्या बाजूला असतो. आपल्याकडे वाफ बाहेरून आत येते, त्यामुळे तो बाहेरच्या अंगाला हवा, नाहीतर भिंतीच्या पोटात बुरशी धरते. जुन्या भागाच्या खिडक्या उघड्या राहणार असतील, तर मधे दोन दारांची कोठी कर आणि नव्या बाजूला किंचित जास्त दाब ठेव.

दालनावरून पाण्याचा एकही पाइप नेऊ नकोस. ड्रेन ट्रॅपकडे, म्हणजे कॉइलखालच्या पॅनमधलं पाणी बाहेर नेणाऱ्या नळीच्या पाणी भरलेल्या वळशाकडे, तर फारच दुर्लक्ष होतं. पंख्याची ओढ 750 पास्कल असेल तर 75 मिलीमीटर पाणी उचललं जातं, म्हणून वॉटर सील (वळशातल्या पाण्याची उंची) किमान 100 मिलीमीटर ठेव. तो कमी पडला की पॅन तुंबतो आणि थेंब डक्टमध्ये उडतात.

आर्द्रतेचा सेन्सर बाहेरच्या भिंतीवर किंवा डिफ्यूझरखाली (गार हवा सोडणाऱ्या जाळीखाली) नको. दर सहा महिन्यांनी तपास: बंद डब्यात मिठाचा ओला लगदा ठेव, न विरघळलेले खडे दिसायला हवेत. सेन्सर लगद्याला न टेकवता आत अडकव आणि आकडा थांबेपर्यंत काही तास जाऊ दे. 25 अंशाला 75 टक्के दाखवायला हवेत.

आणि उद्घाटनाची तारीख कितीही जवळ असो, नवं प्लास्टर-काँक्रीट वाळेपर्यंत चित्रं आत येऊ देऊ नकोस. यंत्रणा रिकाम्या दालनात चालव, रोजचा आलेख काढ, आणि जमलं तर एक आख्खा पावसाळा जाऊ दे.