"मॅडम, सॉफ्टवेअर माझ्यापेक्षा हुशार झालंय"

चाळिशी-पन्नाशीतली नोकरदार माणसं हल्ली माझ्याकडे समुपदेशनाला एकच तक्रार घेऊन येतात. "ऑफिसात क्रिटिकल थिंकिंगचं, म्हणजे चिकित्सक विचाराचं ट्रेनिंग आहे, त्यात कोडी घालतात. तरुण मुलं पटापट उत्तरं देतात, माझं डोकंच चालत नाही. या वयात विचार करायला शिकता येतं का?" नोव्हेंबर २०२२ मध्ये विचारलेल्या प्रश्नाला क्षणात उत्तर लिहून देणारं चॅटजीपीटी आलं आणि या प्रश्नाला धार चढली.

विमा कंपनीत वाहनांचे दावे तपासणाऱ्या एका बाई आठवतात. ओळख पटू नये इतपत तपशील बदलले आहेत. अनुभव दांडगा, पण आता दावा आला की आधी सॉफ्टवेअरच शेरा देतं आणि बहुतेक वेळा बाईंनी फक्त ओके करायचं.

"मला चटकन सुचलं नाही, म्हणजे मी कुचकामी."

"चटकन सुचावं असं वाटणं ठीक आहे. पण नाही सुचलं तर थेट कुचकामी? हा निकाल कोणी दिला?"

माझा पिंड मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारांवर (त्रास घटनेपेक्षा तिच्याबद्दलच्या आपल्या टोकाच्या समजुतींनी होतो) पोसलेला, त्यामुळे आधी हा निकाल उलगडण्यात बराच वेळ दिला. स्वतःवर खटला चालवण्यात गुंतलेलं मन नवं काही शिकत नाही.

मग एकदा बोलता बोलता त्या म्हणाल्या, "परवा सॉफ्टवेअरने मंजूर म्हटलेला दावा मी थांबवला."

"का?"

"सहज. काहीतरी खटकलं."

"काय खटकलं?"

त्या गप्प झाल्या. अशा वेळी मी मध्ये बोलत नाही. थोड्या वेळाने म्हणाल्या, "धडक मागून बसली असं लिहिलं होतं, आणि बिलात पुढचे दिवे होते. खोटं असेल, किंवा धक्क्याने गाडी पुढच्या गाडीवर आदळली असेल. म्हणून फोटो मागवले. पुढच्याच गाडीवर आदळली होती. म्हणजे सॉफ्टवेअरच बरोबर निघालं ना!"

"उत्तर बरोबर निघालं. ते का बरोबर, हे कुणाला सांगता आलं? तुम्हाला विसंगती दिसली, तुम्ही दोन शक्यता धरल्या, पुरावा मागवला. ट्रेनिंगमध्ये आणखी काय शिकवतात?"

"पण हे तर माझं रोजचं काम आहे!" म्हणाल्या आणि मोकळेपणी हसल्या. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच.

मानसशास्त्रज्ञ रेमंड कॅटेल यांनी १९४०च्या दशकात बुद्धीचे दोन प्रकार मांडले. अनोळखी कोडं झटपट सोडवणारी बुद्धी वयाबरोबर मंदावते; अनुभवातून साठलेली बुद्धी मात्र उतारवयापर्यंत टिकते, वाढतेसुद्धा. ट्रेनिंगमधली कोडी पहिली तपासतात, नोकरीतला निर्णय बराचसा दुसरीवर उभा असतो. (कोडी सोडवून माणूस मुख्यतः कोडी सोडवण्यातच तरबेज होतो, हे माझं जुनं रडगाणं.) म्हणून प्रौढांना विचार शिकवायचा तर त्यांच्याच कामातून. "सहज"च्या पोटात काय दडलंय ते त्यांच्याकडून शब्दांत काढून घ्यायचं.

धोका वेगळाच आहे. मानसशास्त्रज्ञ लिझॅन बेनब्रिज यांनी १९८३ मध्येच दाखवलं होतं की यंत्र रोजचं काम करू लागलं की माणसाचं कसब वापराअभावी बोथट होतं, आणि अवघड प्रसंग आला की पुन्हा त्याच माणसाकडे बोट दाखवलं जातं.

बाईंना एकच सवय लावायला सांगितली. रोज दोन-तीन फायलींवर सॉफ्टवेअरचा शेरा उघडण्याआधी आपला निर्णय, त्याचं कारण आणि "काय दिसलं तर मी मत बदलेन" हे लिहायचं. नंतर शेरा पाहायचा. जुळला तर पुढे. नाही जुळला तर तिथे थांबायचं. चूक आपली निघाली तरी चालेल, ती कुठल्या पायरीवर झाली ते सापडतं. चॅटजीपीटी वापरणाऱ्यांनीही हाच क्रम ठेवावा.

मात्र ओळखीचे रस्ते, नेहमीची नावं आठवेनाशी झाली असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवा.

बाईंनी पुढच्या ट्रेनिंगला कोड्यांऐवजी दोन जुने दावे चर्चेला घ्या असं सुचवलं. प्रशिक्षकाने कुरकुरत का होईना, अर्धा तास दिला.